दारातली जुनी स्कूटर आणि आपण

मैत्रिणींनो, तुमच्या जिन्याखाली, ओट्याच्या कडेला नाहीतर परसात एखादी जुनी स्कूटर उभी आहे का हो? असली तर तिच्यावर सध्या काय ठेवलंय तेही मी न बघता सांगते. रद्दीचा गठ्ठा, वाळत टाकलेलं पायपुसणं आणि मुलांची मोडकी बॅट! आमच्याही स्कूटरवर तीन वर्षं हेच होतं.

ही स्कूटर माझ्या सासऱ्यांची, अण्णांची. बजाज चेतक, १९८४ सालची. त्या काळी स्कूटर पैसे टाकले आणि घेतली असं नव्हतं. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. अण्णांनी १९७६ साली नंबर लावला आणि गाडी दारात आली आठ वर्षांनी. मधल्या काळात आमच्या ह्यांचा जन्मसुद्धा होऊन गेला! सासूबाई म्हणायच्या, की मुलाच्या बारशाला नव्हते एवढे लोक स्कूटर बघायला आले होते.

चेतक बाजारात आली १९७२ मध्ये. त्याआधी बजाज कंपनी इटलीच्या पियाजिओशी करार करून वेस्पा बनवत असे. तो करार संपला आणि तोच सांगाडा राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघू लागला. २००६ च्या सुमारास ही पेट्रोलची चेतक निघायची थांबली. २०१९ मध्ये पुन्हा चेतक नावाची गाडी आली ती विजेवर चालणारी. नाव तेच, पण आतलं काहीच ते नाही.

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजव्या हातातली ताकद गेली. तेव्हापासून गाडी उभी राहिली ती राहिलीच. मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी एकदा किक मारली, मान हलवली नि म्हणाले, "वहिनी, आता भंगारात द्या. तीन हजार येतील. चालू करायची तर अठरा हजार धरून चाला." अण्णा आतल्या खोलीतून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवले नाहीत.

खरं सांगते, मला काही त्या गाडीचा पुळका नव्हता. पण माझी शाळा सकाळी सातची, अर्ध्या दिवसाची, आणि एस.टी. कधी पावणेसातला यायची तर कधी यायचीच नाही. नवी गाडी घ्यायची तर लाखाची गोष्ट. म्हटलं, मिक्सरचं कपलर आपण बदलतो, कुकरचा व्हॉल्व्ह बसवतो, शिवणयंत्राची वादी चढवतो. मग ह्या गाडीत असं काय आहे, जे बाईमाणसाला कळायचं नाही? अण्णांची खुर्ची ओट्यावर मांडली. ते सांगत गेले, मी करत गेले.

आणि काय कळलं म्हणता? जुन्या स्कूटरच्या रोजच्या कुरबुरी म्हणजे बहुतेक वेळा चार गोष्टी असतात: प्लग, पेट्रोल, हवा आणि केबल. ह्या चारही आपल्याला घरी जमण्यासारख्या आहेत. आणखी दोन-तीन गोष्टी अशा आहेत, की त्यांना हात लावायचाच नाही. ही सीमारेषा एकदा पक्की कळली की निम्मं काम झालं.

आधी प्लग. स्कूटरचं इंजिन उजव्या बाजूला असतं. त्यावरचं पत्र्याचं कव्हर काढलं की जाड वायरीच्या टोकाला एक टोपी दिसेल. ती ओढून काढा. खाली प्लग असतो. तो सोडवायला प्लगपाना लागतो आणि इंजिन थंड लागतं. (माझ्या मनगटावर अजून डाग आहे, म्हणून सांगते.) प्लग बाहेर काढला की त्याचं टोक नीट निरखून बघा. आपण दुधाच्या रंगावरून म्हशीचं की गाईचं ओळखतो ना, तसं प्लगच्या रंगावरून इंजिनाची तब्येत ओळखता येते. चहासारखा तपकिरी असला तर सगळं ठीक. काळा, तेलकट, ओला असला तर तेल किंवा पेट्रोल जास्त होतंय, नाहीतर चोक मागे ढकलायचा राहतोय. पांढराफटक असला तर इंजिन फार तापतंय, आणि ते मिस्त्रींना दाखवायला हवं.

आता गाडी सुरूच होत नसेल तेव्हाची युक्ती. आठ-दहा किका मारून प्लग काढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचतच नाही. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी पडत नाही. बस, एवढं कळलं की अर्धा आजार सापडला. ह्या एका गोष्टीसाठी मी पूर्वी दर महिन्याला मिस्त्रींच्या दारात उभी राहिले असते!

ठिणगी बघायची तर प्लग परत टोपीत बसवायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पत्तीदार भागाला टेकवायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी किक मारायला सांगायची. निळी, चटकन उडणारी ठिणगी दिसली पाहिजे. प्लगचा धातू हातात धरायचा नाही, झटका चांगलाच बसतो. आणि प्लगच्या भोकापासून तो लांब टेकवायचा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग काजळला असेल तर जुन्या दात घासायच्या ब्रशाने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करून, पुसून बसवायचा. दोन टोकांमधली फट साधारण ०.६ मिलिमीटर असावी. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक धरून जेमतेम आत जातील इतकी. बसवताना आधी हातानेच आटे लागेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने किंचित आवळायचा. पहिल्यापासून पान्याने जोर केलात तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग खर्चाला सुरुवात.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोलच्या मागे लागायचं. आधी सोपं बघा: कॉक बंद तर नाही? गाडी रिझर्व्हला तर लागली नाही? हसू नका, मी एकदा तासभर प्लग घासत बसले आणि टाकी रिकामी होती. टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलं तरी गाडी थोडी चालते आणि गचके खात बंद पडते. झाकण उघडून परत लावलं की पुन्हा चालू! असं होत असेल तर दोष तिथेच.

मग येतो कार्ब्युरेटर. तीन वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल आटून त्याचा राळेसारखा चिकट थर होतो आणि जेट नावाच्या पितळी तुकड्याचं केसाएवढं भोक बुजतं. आमच्या गाडीचा मुख्य आजार हाच निघाला. जेट साफ करताना शिवणाची सुई किंवा टाचणी घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. वायरीतली तांब्याची एक बारीक तार घ्यावी, किंवा सायकलच्या पंपाने हवा मारावी. हवेची जाळी आपण तूप गाळायची गाळणी धुतो तशी धुवायची आणि पूर्ण वाळवून बसवायची. मात्र पहिल्या वेळी कार्ब्युरेटर उघडताना जाणत्या माणसाला शेजारी बसवा. मी प्रत्येक तुकडा काढला की तो वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवत असे. अण्णा काठीच्या टोकाने दाखवायचे, "हा आधी, तो नंतर."

हे सगळं अंगणात करायचं बरं का. पेट्रोलचं काम स्वयंपाकघरात, जिन्याखाली किंवा देवघराजवळ अजिबात नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबवर जाते. निरांजन, गॅस, उदबत्ती, कशानेही पेट घेते. पेट्रोलने भिजलेली चिंधी घरात ठेवू नका, आणि ते हात धुतल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नका.

आणखी एक नवीन गोष्ट, जी अण्णांच्या काळी नव्हती. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर फुगवतं, मऊ करतं. म्हणून ह्या वयाच्या गाडीची पेट्रोलची नळी दाबून बघत जा. चिकट किंवा भेगाळलेली वाटली तर लगेच बदला. महिनाभर गाडी बाहेर काढायची नसेल, म्हणजे सुटीत माहेरी जायचं असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि चिकटा धरत नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती माझ्या फजितीची आहे, पण सांगायलाच हवी. ही स्कूटर टू-स्ट्रोक आहे. हिच्या इंजिनात पिस्टनला तेल देणारी वेगळी व्यवस्था नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, तेच आत जाऊन पिस्टनला आणि क्रँकला वंगण देतं. प्रमाण दर लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरला १०० मिलिलिटर. तेल टू-टीचंच, साधं इंजिन ऑइल नव्हे. हे मला पाठ होतं. डिकीत बाटली आणि मुलीच्या औषधाचं मापही होतं.

गाडी चालू होऊन दोन महिने झाले होते. एका रविवारी मुलीला घेऊन कासला निघाले. पंपावर मागे रांग, पोरगी भुकेजलेली, मागचा माणूस हॉर्न वाजवतोय. पेट्रोल भरलं, म्हटलं पुढे थांबून तेल घालू. आणि विसरले. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट लागला. दुसऱ्या गिअरमध्ये चढत होते. इंजिनाचा आवाज आधी बारीक, खणखणीत झाला. गाडी ओढेनाशी झाली. मला वाटलं, चढ आहे म्हणून. मी आणखी ॲक्सिलरेटर पिळला. पुढच्या वळणाच्या आधी एक गचका बसला आणि मागचं चाक जागच्या जागी घट्ट झालं. टायर घासत गेल्याचा आवाज अजून कानात आहे. मुलगी माझ्या पाठीवर आदळली. अण्णांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "काहीही विचित्र झालं की आधी क्लच दाब." तेवढं मात्र हाताने आपोआप केलं. चाक सुटलं आणि मी कठड्याच्या बाजूला उभी राहिले. चढ होता, वेग कमी होता म्हणून वाचलो. हेच उतारावर किंवा हायवेवर, मागून ट्रक येत असताना झालं असतं तर? त्या रात्री मी झोपले नाही.

तेल नसलं की थालीपीठ तव्याला धरतं ना, तसा पिस्टन सिलिंडरला धरला होता. सिलिंडर बोअर करून नवीन पिस्टन आणि रिंगा घालाव्या लागल्या. माझा महिन्याचा अर्धा पगार त्यात गेला. ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?" ह्या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून मी दिलं नाही. अण्णा मात्र म्हणाले, "मी १९८६ साली हेच केलं होतं. घरी कुणाला सांगितलं नाही एवढंच." चाळीस वर्षांनी सासूबाईंच्या फोटोसमोर कबुली झाली!

तेव्हापासून माझा नियम असा: पंपावर आधी तेलाची बाटली हातात घ्यायची, मगच टाकीचं झाकण उघडायचं. तेल टाकीत आधी ओतायचं आणि वरून पेट्रोल घ्यायचं, म्हणजे धारेबरोबर ते आपोआप मिसळतं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे. "जरा जास्त घातलं तर बरंच की" असंही करू नका. जास्त तेलाने प्लग काजळतो, सायलेन्सर आतून चोंदतो आणि मागच्यांना धूर. गिअरचं तेल वेगळं असतं. ते ३० नंबरचं, साधारण पाव लिटर, तळाच्या बुचातून काढून बदलायचं. ते मिस्त्रींकडून करून घेतलंत तरी चालेल, पण आपल्यासमोर.

केबलींचं काम मला सगळ्यात आवडतं. क्लच, गिअर, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं तारेवर चाललेलं. तार तुटायच्या आधी सूचना देते. टोकाशी एखादा धागा उसवल्यासारखा सुटतो, किंवा क्लच अचानक जड लागतो. तो एक धागा दिसला की केबल बदलायची, वाट बघायची नाही. एरवी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तेल द्यावं. केबल सोडवून खुंटीला टांगायची, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा वरच्या टोकाला दोऱ्याने बांधायचा आणि त्यात शिवणयंत्राचं तेल ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी खालच्या टोकातून थेंब आला की झालं. खाली फडकं ठेवायला विसरू नका. आमच्या न्हाणीघराच्या फरशीवरचा डाग अजून गेलेला नाही. क्लचची एक जादा केबल कायम डिकीत असावी.

आता हात कुठे लावायचा नाही ते. ब्रेकच्या तारेचा ढिलेपणा नट फिरवून काढता येतो, तेवढं आपण करावं. नंतर चाक मोकळं फिरतंय ना बघावं. पण ब्रेकच्या आतले लायनर झिजले की काम जाणत्याचं. तो ड्रम उघडेल तेव्हा आतली भुकटी फुंकून उडवू देऊ नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

दुसरी गोष्ट चाकाची. पंक्चर झालं की स्टेपनी आपण स्वतः लावू शकतो, मला वीस मिनिटं लागतात. पण नीट ऐका. ह्या स्कूटरची रिम दोन वाट्या एकमेकींना नटांनी जोडून केलेली असते. चाक काढताना ते ड्रमला धरणारे पाच नट सोडायचे. रिमच्या वाट्या जोडणारे नट टायरमध्ये हवा असताना चुकूनही सोडू नका. हवेच्या दाबाने वाट्या तुटून तोंडावर येऊ शकतात. कोणते नट कुठले ते घरी शांतपणे, कुणाकडून तरी दाखवून घ्या आणि चाकाच्या पाचांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मी लाल दिला आहे.

पत्र्याची काळजी मात्र पूर्ण आपल्या हातची. पायाखालच्या रबरी मॅटच्या खाली पाणी साचून पत्रा आतून सडतो. आमच्या साताऱ्याच्या पावसात तर आठवड्यातून एकदा ती मॅट उचलून वाळवावीच लागते. गाडीवर प्लॅस्टिक किंवा ताडपत्री घट्ट बांधू नका. आत दमट हवा कोंडते. जुनी सुती चादर बरी. पत्रा सडून भोकं पडली असतील तर मात्र वरून रंग मारून फसवू नका, वेल्डिंग करून घ्या. ह्या पत्र्यावरच सगळी गाडी उभी आहे.

कागदांचं थोडक्यात. नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्याचं शुल्क २०२२ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वाढलं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते. विमा, पी.यू.सी. हवंच. आणि तुमचं लायसन्स विनागिअरच्या गाडीचं असेल तर ते ह्या स्कूटरला चालत नाही, हे मला परीक्षेच्या खिडकीपाशी कळलं. काही जण "विंटेज करून घ्या" म्हणतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते आणि मग ती रोज रस्त्यावर नेता येत नाही. आपल्याला तर शाळेत जायचंय. सुटे भाग अजून मिळतात. गावात नाही मिळाले तर पुण्याच्या नाना पेठेत. जुना भाग पिशवीत घालून नेऊन तोच दाखवायचा, म्हणजे नावावरून घोळ होत नाही.

मिस्त्रींचं अठरा हजाराचं काम, बोअरिंग धरूनही, नऊ हजारांत झालं. त्यांच्यावर माझा राग नाही. इंजिन त्यांनीच बांधून दिलं, आणि आता मी गेले की "प्लग कसला निघाला वहिनी?" असं आधी विचारतात.

परवा पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या गाड्या जमवतात म्हणे. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी चाळीस हजार सांगितले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "मला विचारू नका, गाडी आता तिची आहे." त्या गृहस्थांना मी दिवाळीनंतर फोन करायला सांगितलंय. सध्या मागच्या ब्रेकची तार उसवायला लागली आहे, ती ह्या रविवारी बदलायची आहे.